रंगाऱ्याच्या दारावरची फुली

फुली काही निघेना. म्हाताऱ्याने आधी नुसतं पाणी मारलं, मग सोड्याचं पाणी मारलं, मग बाह्या वर सारून काथ्याने घसाघसा घासायला लागला. आजूबाजूचं लाकूड उजळलं. फुली होती तशी लालभडक.

रंगाऱ्याची बायको उंबऱ्याच्या आत उभी होती. आळीतल्या बाकी दारांवरच्या फुल्या याच म्हाताऱ्याने सकाळपासून एकेका फडक्यात पुसून टाकल्या होत्या. नगरपालिकेचा रंग म्हणजे पाण्यात कालवलेली तांबडी माती. ज्या घरात गोवर, त्या दारावर डॉक्टरचा माणूस फुली मारून जायचा. साथ सरली की म्हातारा बादली घेऊन यायचा आणि ती पुसायचा. या दारावरची फुली मात्र डॉक्टरच्या माणसाने मारली नव्हती. ती हिने स्वतः मारली होती.

साथ शहराच्या जुन्या तटाच्या आत शिरली ती कुंभारांच्या वस्तीतून. तिथली मुलं गेली, मग विणकरांकडची. रंगाऱ्यांच्या आळीत तर दार लावायची पद्धतच नव्हती. ओलं कापड एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या गच्चीवर जायचं, आणि जाता-येता जी ती बाई दिसेल ते मूल उचलून त्याचे मुके घ्यायची. मागच्या साथीत हिचा थोरला या मायेपायीच गेला. कुणी आणला होता गोवर, ते कळलं नाही आणि हिने विचारलंही नाही. आता धाकटी होती. नुकतीच पाऊल टाकायला लागलेली, गुबगुबीत, म्हणून सगळे तिला ढबू म्हणायचे. 'माझ्या घरी येऊ नका,' असं आळीला तोंडावर सांगायची हिची छाती नव्हती. म्हणून हिने कुंचला उचलला.

चूक झाली ती सवयीने. माहेरी रंगाचाच धंदा, सासरी रंगाचाच धंदा. रंग कालवताना हात आपसूक तुरटीच्या डब्यात गेला आणि रंग पक्का झाला. नवऱ्याने दार बघितलं आणि कपाळाला हात लावला. "रंगाऱ्याची बायको ना तू? मारायचीच होती तर सरळ तरी मारायचीस." एवढं बोलून तो आत गेला, आणि त्यानंतर बाहेर कुणापाशी चकार शब्द काढला नाही. त्याचे उपकार ती जन्मभर विसरणार नव्हती.

नणंद आळीच्या तोंडापर्यंत आली, फुली बघून नाक मुरडलं आणि आल्या पावली परत गेली. तिचेही उपकारच. समोरची शेजारीण मात्र रोज सकाळी भरलेली घागर उंबऱ्याबाहेर ठेवून जायची. तिचं स्वतःचं बाळ साथीच्या सुरुवातीलाच गेलं होतं. "तू पाण्याला बाहेर पडू नकोस गं, लेकराजवळ बस," असं ती रस्त्यातूनच सांगायची. घागर आत घेताना हिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग ढबू झोपेतून उठून हसायची, आणि हिला वाटायचं, आजचा दिवस मिळाला, आभार कुणाचे मानू आणि किती मानू.

म्हाताऱ्याने काथ्या बादलीत टाकला.

"बाई, हा रंग आमचा नव्हे," तो म्हणाला.

तेवढ्यात ढबू आईच्या पायांमागून डोकावली. अंगावर पुरळ उठून गेल्याची खूण नाही, डोळे टवटवीत, गाल वर आलेले. म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. फुल्या पुसताना दारामागून मूल बाहेर येण्याची त्याला सवय राहिली नव्हती.

"काका, मीच मारली ती," ती हळू आवाजात म्हणाली. "हिला काही झालं नव्हतं. होऊ नये म्हणून मारली. कचेरीत सांगायचं तर सांगा, दंड भरू आम्ही. पण आळीत सांगू नका. ती समोरची माझं पाणी भरत होती हो. तिला मी काय तोंड दाखवू?"

समोरचं दार उघडलं. शेजारीण उंबऱ्यात आली, तिने ढबूला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"उठली का गं बाई लेक तुझी? चांगलं झालं. आळीत एक तरी वाचलं." मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. "आणि ही का निघत नाही? आमची तर लगेच गेली."

म्हाताऱ्याने सावकाश फडकं पिळलं.

"लाकूड जुनं आहे," तो मोठ्याने म्हणाला. "रंग पिऊन बसलंय. आता रंधा मारल्याशिवाय नाही निघायचा."

शेजारणीने मान डोलावली, ढबूकडे आणखी एकदा डोळे भरून बघितलं आणि ती आत गेली. दार लागल्याचा आवाज आला. तेव्हा कुठे हिच्या जिवात जीव आला, आणि इतके दिवस आवरलेलं रडू एकदम फुटलं. ढबू घाबरून आईच्या पायांना बिलगली.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू?"

म्हाताऱ्याने आळीत दोन्हीकडे नजर टाकली आणि तो उंबऱ्याजवळ सरकला.

"वाटीभर रंग दे, पोरी. काल साथ पूल ओलांडून आमच्या वस्तीत आली, आणि घरात नात अजून रांगतेय."