ढिगावरची करवंटी

शिवराम परबचं पत्र येऊन पाच महिने झाले होते. "माझी छर्‍र्‍याची बंदूक अजून चालते. ये, शाळेच्या सुट्टीत उडवायचो तशा करवंट्या उडवू," एवढंच त्यात होतं. त्र्यंबकरावांनी उत्तर लिहिलं नव्हतं. तेव्हाही त्यांचा नेम एकदाही लागला नव्हता, आणि म्हातारपणी मित्रासमोर पुन्हा हसं व्हायची त्यांना धास्ती होती.

आधी सराव करावा म्हणून त्यांनी तशीच साधी बंदूक आणली. नेमबाजीवरची दोन पुस्तकं वाचून काढली. श्वास कधी रोखायचा, हे त्यांना तोंडपाठ झालं. तरी परसातल्या मातीच्या ढिगावरची करवंटी महिनाभर जागची हलली नव्हती.

"अहो, तिला आता कोंब फुटेल!" पायरीवर शेंगा सोलत बसलेल्या वत्सलाबाई म्हणाल्या.

"मग तू मारून दाखव."

त्यांनी पदराला हात पुसले आणि बंदूक खांद्याला लावली. टक्कन आवाज झाला आणि करवंटी उडून अळवात पडली.

"अगंबाई! दुसरी ठेवा, दुसरी! लवकर!"

त्र्यंबकराव लगबगीने करवंट्या मांडू लागले. दिवेलागणीपर्यंत दोघं आळीपाळीने छर्रे उडवत राहिले, हसत राहिले. आपला एकही लागला नाही, हे त्र्यंबकरावांच्या ध्यानात आलं ते थेट जेवताना.

सकाळी त्यांनी कार्ड लिहिलं, "शिवराम, माझा नेम अजून तसाच आहे. हिचा मात्र पक्का आहे. रविवारी दोघं येतो." आणि मनात दुसरा विचार यायच्या आत ते टपालपेटीत टाकून आले.