उघड्या काचा

"काँप्रेसर गेलाय, ताई," मेकॅनिक चिंधीला हात पुसत म्हणाला. "गॅस भरून काही व्हायचं नाही. नवाच बसवावा लागेल." आणि त्याने आकडा सांगितला.

आकडा ऐकून कोणाच्याही तोंडचं पाणी पळालं असतं. तिचा मात्र जीव भांड्यात पडला. एवढे पैसे नवऱ्याने नुसत्या एसीपायी घालवणं शक्य नव्हतं. टायरची तार दिसेपर्यंत टायर न बदलणारा माणूस तो.

एसी बंद पडल्यापासून गाडीच्या काचा खाली होत्या, आणि काचा खाली होत्या म्हणूनच तिचा उन्हाळा सुखाचा चालला होता. घरी सासूबाई असत, भिंतीपलीकडे शेजारी असत. तिथे नवऱ्याने कधी आवाज चढवला नाही. त्याच्या गोड बोलण्याचं सगळ्या बिल्डिंगला कोण कौतुक! त्याचं जे काही असे, ते गाडीत. काचा वर गेल्या, एसीची घरघर सुरू झाली की त्याचं तोंड सुटायचं. मग एक हात स्टेअरिंगवर राही आणि दुसरा तिच्या दंडाला चिमटे काढी. तिचं रडणं बाहेर जात नसे. आता सिग्नलला स्कूटरवाले हातभर अंतरावर येऊन थांबत, आणि हे गृहस्थ गप्प! घामाने निथळत समोर बघत बसत. कितीतरी दिवसांनी तिने अर्ध्या बाह्यांचा कुडता कपाटातून काढला होता.

तिने जरा बाजूला जाऊन नवऱ्याला फोन लावला. आकडा सांगताना त्यात आणखी दहा हजार घातले. खोटं बोलायची सवय नव्हती.

"जाऊ दे ना," ती म्हणाली. "मला काही एवढं उकडत नाही."

पलीकडे ऑफिसातली माणसं बोलताना ऐकू येत होती. साहजिकच नवऱ्याच्या आवाजात मध होता.

"अगं, पैशाचं काय घेऊन बसलीस? तुझे हाल मला बघवत नाहीत. टाक करून. रविवारी लांब कुठेतरी जाऊ, दोघंच. किती दिवसांत आपलं धड बोलणंच झालं नाही. बरंच साठलंय माझ्याकडे."

फोन बंद झाला. जुन्या टायरच्या ढिगावर ती मटकन बसली. भर उन्हात तिला हुडहुडी भरली होती. ती दंडावरून हात फिरवत राहिली.

"हो म्हणाले ना?" मेकॅनिकने विचारलं. तिने मान हलवली, तसा तो खुशीत आला. "नशीबवान आहात हं, ताई. आमच्याकडे लोक वायपरसाठी घासाघीस करतात." त्याने बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. "आता बघाच तुम्ही. काचा लावून बसलात की आतलं बाहेर नाही, बाहेरचं आत नाही."

ती उठली. गाडीला वळसा घालून आपल्या बाजूच्या दाराशी आली. काच अजून खालीच होती. तिने दाराच्या कडेला घट्ट धरलं.

"भाऊ, ही माझ्या बाजूची काच पुन्हा कधीच वर जाणार नाही, असं करायचे किती घ्याल?"