टेपच्या शेवटी

"हे शेवटचं," असं म्हणत हातानोंनी नव्या यंत्राची वायर भिंतीत खोचली.

शिझुएने मान डोलावली. नवरा स्पीकर आणताना हेच म्हणाला होता, आणि अंगणात स्वतःचा वेगळा विजेचा खांब रोवतानाही. शेजाऱ्यांच्या फ्रिजची घरघर तारेतून गाण्यात उतरते म्हणे! जपानमधल्या निइगाता शहरातली ती सबंध गल्ली खांबाकडे बघून हसायची. हातानोंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

सगळा खटाटोप एका कॅसेटसाठी. मुलगी मिओरी सराव करताना स्वतःचं गाणं टेप करायची. ही टेप भरली त्याच संध्याकाळी ती कुणाला न सांगता घराबाहेर पडली, आणि पुढे समुद्राने तिचा देह परत केला. का गेली, कुणाला कळलं नाही. घरात तिला कुणी दुखावलं नव्हतं, असं हातानो शपथेवर सांगत, आणि त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. टेपवर गाणं संपलं की खरखरीच्या आड कुणीतरी बोलल्यासारखं ऐकू येई. पोरीने जाताना बापाला काहीतरी सांगून ठेवलंय, एवढ्या एका आशेवर तो माणूस जगत होता.

यंत्र घेऊन दुकानातले तोकुदा आले होते. शिझुएने त्यांना दारातच विचारलं होतं, ह्या हाय-रिझोल्यूशन आवाजाने खरंच काही फरक पडतो, की नुसतंच थोतांड? तोकुदा सरळ माणूस. म्हणाले, निम्मी गिऱ्हाइकं फरक छातीठोकपणे सांगतात, पण कुठलं यंत्र चालू आहे ते लपवलं की तीच गडबडतात. ते ऐकून तिला जरा हायसं वाटलं.

तोकुदांनी समोर बसून कॅसेट यंत्रात उतरवली. हातानोंनी हेडफोन चढवला, डोळे मिटले. गाणं सरलं तशा त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"आहे, काहीतरी आहे. पण मेलं हाताला लागत नाही. तुम्ही ऐका, तुमचे कान शाबूत आहेत."

तोकुदांनी ऐकलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. हातानोंची नजर टाळत त्यांनी चहा घेऊन उभ्या असलेल्या शिझुएकडे पाहिलं. तिने जेमतेम दिसेल अशी मान हलवली.

"नुसती खरखर आहे हो," तोकुदा म्हणाले.

हातानोंनी कॅसेट यंत्रातून काढून हातात घेतली. मग पुटपुटले, की म्हणजे याहून चांगलं यंत्र लागणार.

"घेऊ या की," शिझुए म्हणाली. "मागचं शेत विकू."

तोकुदांना पोचवायला ती फाटकापर्यंत गेली. ते खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"स्वयंपाकघरातल्या जुन्या टेपरेकॉर्डरवरच ऐकलं होतं मी, पहिल्याच आठवड्यात. मिओरी बोलतच नाहीये तिथे. हे ओरडतायत बाहेरच्या खोलीतून. 'बंद कर ते रेकणं. जा, समुद्रात जाऊन जीव दे.'"