मास्तरांची पाळी

पाटवाल्याने फळी उचलली आणि पाणी मास्तरांच्या शेतात शिरलं. शेतात कमरेइतकं गवत होतं. मास्तर मुलाकडे राहायला गेल्यापासून तिथे दुसरं काही उगवलं नव्हतं. फळीशेजारी त्यांचं फावडं मात्र अजून बांधात रोवलेलं होतं. त्याचा दांडा उन्हापावसाने पांढरा पडला होता.

मास्तरांच्या आणि आपल्या शेतामधल्या बांधावर ती वडिलांचं फावडं घेऊन उभी होती. बांधाच्या खालच्या अंगाला वडिलांनी लावलेला मका. तुरे आले होते, पण पानं तहानेने वळून सुरळ्या झाली होती. वडिलांना जाऊन आठवडा झाला होता, आणि पीक त्यांच्या मागोमाग निघालं होतं.

खाली नदी भरून वाहत होती. तिच्यावर मोटर बसवायला बंदी होती. नवी विहीर, पत्र्याचं छप्पर, तारेचं कुंपण, कशालाच परवानगी नव्हती. खोरं जसं आहे तसं राखायचं ठरलं होतं. पाणी मिळायचं ते जुन्या पाटाचं, तेही ज्याच्या त्याच्या पाळीला. खोऱ्याच्या तोंडाशी मोठी पाटी होती. तिच्यावर पाट होता, बांध होते, पक्षीसुद्धा होते. माणसांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

“काका, आजचं पाणी आमच्याकडे वळवू द्या ना,” ती म्हणाली. “गवताला काय करायचंय?”

“आज मास्तरांची पाळी आहे.”

“मास्तर येणार आहेत का परत?”

“त्यांना आता घरातला जिना चढवत नाही. इथे कुठले येतायत?” पाटवाला म्हणाला. तरी त्याने फळी खाली केली नाही.

मग त्याने गेल्या वर्षीचं सांगितलं. तेव्हाही मका असाच सुकायला लागला होता. त्याने स्वतःच तिच्या वडिलांना म्हटलं होतं, घे बाबा बांध फोडून, मास्तर काय दुर्बीण लावून बसलेत? वडिलांनी फावडं हातात घेतलं नाही. दिवसभर याच बांधावर बसून गवत पाणी पिताना बघत राहिले. मका निम्मा गेला.

“का पण?”

“मीही हेच विचारलं. तर म्हणाला, एकाची पाळी मोडली की गावात उरलेत किती ते मोजावं लागेल.”

पाटवाला नदीकडे तोंड करून खाली बसला. “तुला फोडायचं तर फोड पोरी. मी इकडे बघतोय.”

तिने फावडं बांधावर टेकवलं. माती पाझराने मऊ झाली होती. एक घाव पुरला असता. मागे मक्याची पानं वाऱ्याने कागदासारखी वाजत होती. तिने मान वर केली. उतारावर पायरीपायरीने शेतं चढत गेली होती, पाणी पिऊन हिरवीगार, सगळी गवताची. फळीफळीशी एकेक फावडं उभं होतं. पुलावर गाडी थांबवून कोणीतरी त्या हिरव्याचे फोटो काढत होतं.

तिने मोजलं नाही. फावडं उचलून खांद्यावर घेतलं.

“आमची पाळी कधी?”

“गुरुवारी. तोवर मका तग धरायचा नाही.”

“मी उद्या निघतेय. घराला कुलूप लावून.”

“ठाऊक आहे.” गुडघ्यांवर हात ठेवत तो उठला. “तरी सोडीन पाणी. न चुकता.”

ती खाली उतरून आपल्या फळीपाशी गेली आणि तिथे वडिलांचं फावडं रोवलं. तिथली माती कोरडीठाक होती. पातं जेमतेम बोटभर आत गेलं आणि दांडा कलला.

पाटवाला मागून आला. त्याने दांडा सरळ केला, हलवून पाहिला, आणि पात्यावर पाय देऊन फावडं आणखी खोल दाबलं.