चादरीतले मामंजी

भारतातल्या भयपटांचा पाया गुडीहत्नूरनं घातला, असं सुधाकरराव आपल्या किराणा दुकानात बसून पन्नास वर्षं सांगत आले होते. पाया म्हणजे त्यांचे वडील. ते तरुणपणी घरून मुंबईला पळाले आणि एका बोलपटात भूत झाले. गावानं हे कधीच मान्य केलं होतं. बायकोनं करायचं राहिलं होतं. कौशल्याबाईंना लग्नापासून संशय, की मामंजी तिथं नुसता पडदा ओढत असतील.

अखेर मंचेरियलहून लेकीनं तो सिनेमा शोधून फोनवर पाठवला. सुधाकरराव दुकानातून धावतच माजघरात आले. सिनेमा इतक्या काटकसरीचा, की भूत म्हणजे डोक्यावरून घेतलेली एक चादर.

"हे पाह्य, आमचे बाबा!"

"चादरीखाली आपला बैल बी असंल. तोंड कुठी दिसून राह्यलं?"

सुधाकररावांचा चेहरा पडला. तेवढ्यात भूत नायिकेचा गळा दाबायला तिच्या दाराशी आलं. उंबऱ्यापाशी थांबलं, चपला काढल्या, वाकून त्यांची तोंडं रस्त्याकडे करून नीट ठेवल्या, आणि मग आत जाऊन गळा धरला.

अशा चपला ठेवणारा माणूस कौशल्याबाईंनी आयुष्यात एकच पाहिला होता. त्यांनी झटकन डोक्यावर पदर घेतला.

"अवो, मामंजीच हायेत हे!"

"पटलं ना आता?" सुधाकररावांनी फोन उंच धरून विचारलं.


"पटलं. आता तुमी बी तेवढ्या चपला बाहेर काढून या."