सूप ओळखणाऱ्या पवनचक्क्या

पठारावरच्या पवनचक्क्यांना कुणीतरी माणुसकी शिकवून ठेवली होती. खळ्यात उफणायला कुणी सूप उचललं, की त्या वरून बघायच्या, पाती थांबवायच्या आणि वारा खाली सोडायच्या.

भागुबाईने तिपाईवर चढून सूप उचललं. पाती थांबली. पण वारा डोंगर उतरून येईपर्यंत तिचे हात भरून आले, सूप खाली गेलं, आणि चक्क्यांनी तो वारा अर्ध्या वाटेवरून माघारी ओढून घेतला!

आभाळ तर भरून येत होतं. ज्वारी भिजली, की वर्षभर काळी भाकरी. तिचा नवरा सखाहरी लांब वायर जोडून टेबलफॅन घेऊन आला. भागुबाईने सूप उचललं. चक्क्या थांबल्या, त्यांच्यावरच चालणारी गावाची वीज गेली, फॅन बंद. सूप खाली केलं, फॅन सुरू.

"अगं, उफणतेस का खेळतेस?"

"मला काय विचारता? तुमच्या त्या शहाण्या चक्क्यांना विचारा!"

चिडून तिने सूप भिरकावलं आणि घमेलं उचललं. घमेलं चक्क्यांच्या ओळखीचं नव्हतं. फॅन फिरत राहिला, भुसा उडाला, पावसाआधी रास घरात आली. भागुबाईने हसत वर पाहिलं, तर सगळ्या चक्क्या तोंडं वळवून तिच्याकडेच टक लावून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेचा स्लॅब टाकायचा होता. गवंड्याने पहिलं घमेलं उचललं आणि काँक्रीटचा विजेवरचा मिक्सर बंद पडला. घमेलं खाली ठेवावं की वरच धरावं, त्याला सुचेना. भागुबाई मात्र तोंडाला पदर लावून घराकडे सटकली.