पाळण्याचा नंबर

"जुनाच नंबर लाव रे," गिरिजा म्हणाली. "गाणं तेच आहे ना?"

लंडनच्या पिनर भागातल्या त्या छोट्याशा स्टुडिओत प्रणयने कीबोर्डवरून हात उचलला. सीडी छापायला पाठवण्याआधी प्रत्येक ट्रॅकला त्याचा ओळख-नंबर द्यायचा, हे त्याचं शेवटचं काम. बाकी सगळं झालं होतं. गिरिजाचा पाळणा तेवढा उरला होता.

पाळणा तिने स्वतः रचलेला. २००१ साली बुद्धजयंतीच्या सीडीसाठी ती तो पहिल्यांदा गायली, आणि स्लाऊपासून लीड्सपर्यंत घराघरांत पोरं त्यावर झोपू लागली. मग थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गळ्यातली एक नस दुखावली. वर्षभर ती नुसती कुजबुजत होती. आवाज परतला, पण जाडाभरडा होऊन. वरच्या पट्टीत तो जाईचना. विहारातल्या बायकांनी पिच्छा पुरवला म्हणून पाच वर्षांनी ती पुन्हा माइकसमोर उभी राहिली आणि पाळणा खालच्या पट्टीत गायली. हे शेवटचं, असं घरी सांगून आली होती. गाऊन झाल्यावर तिने ते ऐकलंसुद्धा नाही. जुना नंबर लागला तर हा आवाज जुन्याच्या आड दडेल, एवढीच तिला आशा होती.

"नाही लावता येत, काकू." प्रणय इथेच जन्मलेला, मराठी बोलायचा मनापासून, पण 'तो' आणि 'ती' त्याला कधी सापडले नाहीत. "ही नंबर गाण्याची नसते, रेकॉर्डिंगची असते. तुम्ही परत गायलात, म्हणजे नवीन रेकॉर्डिंग. नवीन नंबर."

"मग जुनं पुसून टाकणार?"

"नो, नो. जुन्या रेकॉर्डिंगची नंबर तिच्याकडेच राहते, कायम. दुसऱ्या कोणाला देत नाही."

गिरिजाला जरा हायसं वाटलं. तरी मनातलं ओठांवर आलंच. "आणि हे? हे काय, त्याची बिघडलेली कॉपी?"

प्रणय तिच्याकडे बघत राहिला. तिला काय सलतंय ते त्याला कळलं असावं किंवा नसावंही.

"कॉपी असती तर जुनी नंबर चालली असती, काकू."

गिरिजाने हेडफोन मागून घेतला. डोळे मिटून ऐकू लागली. आवाज खालीच होता, खरखरीत होता, पण कुठे अडखळत नव्हता. मांडीवरच्या मुलाशी कुणी बोलावं तसा सावकाश चालला होता. दुसऱ्या कडव्याला तिची बोटं आपसूक गुडघ्यावर ताल धरू लागली.

गाणं संपलं. तिने हेडफोन काढला आणि चष्मा पुसला.

"दे नवा नंबर," ती म्हणाली. "आणि त्याच्या पुढचा कुणाला दिलायस का?"

"अजून नाही. का?"

"राखून ठेव माझ्यासाठी."